मांडवीवरच्या कॅसिनोत ‘फुकट’ काय मिळतं, आणि ते मिळवायचं कसं

बांदा मागे पडलं, पत्रादेवीचा नाका ओलांडला की तास-सव्वा तासात पणजी येते, आणि अटल सेतूवरूनच मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंचे दिवे दिसायला लागतात. सिंधुदुर्गातून तिकडे पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा एवढंच ऐकून निघालेला असतो: “आत सगळं फुकट असतं रे. खाणं, पिणं, वर चिप्ससुद्धा.” फुकट ते पौष्टिक, या हिशोबाने तो जातो आणि पहाटे खिसा हलका करून येतो. आत काही गोष्टी खरोखर मिळतात, त्यातल्या काही मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि काहींचे पैसे तुम्ही दारातच भरलेले असतात. या तिन्हींतला फरक एकदा कळला की पुढचं सोपं आहे.

निघण्याआधी

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 साली राज्याने कॅसिनोंसाठी कायदा केला होता खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये विधिमंडळाने तो रद्दच केला. त्यामुळे आपल्याकडे जत्रेत दशावतार रंगलेला असताना मागच्या अंधारात जे पट बसतात ते बेकायदा, आणि तिथे खेळल्याबद्दल बक्षिसाचे पॉइंट्स वगैरे भानगड नाही. गोव्याने मात्र आपल्या जुगारबंदी कायद्यात 1992 साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी दिली, आणि 1996 मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरच्या खेळांना. म्हणूनच पत्ते आणि रूले (आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी टाकून खेळतात तो खेळ) खेळायचे तर होडीत बसून जहाजावर जावं लागतं.

वय 21 पूर्ण हवं. आधार किंवा पासपोर्ट मूळ प्रत घ्या, फोटोकॉपीवर विसंबू नका, पॅनही बरोबर असू द्या. एक गंमत अशी की 2020 पासून खुद्द गोंयकारांना कॅसिनोत प्रवेश बंद आहे. तेव्हा पेडण्याचा मावसभाऊ तुम्हाला जेटीपर्यंत सोडेल, आत येणार नाही. ओळखपत्रावरचा पत्ता वेंगुर्ल्याचा की पेडण्याचा, यावर सगळं ठरतं.

दारातलं पॅकेज हे बक्षीस नव्हे

प्रवेशाचं शुल्क भरलं की त्यात जेवणाचं बुफे, दारू, स्टेजवरचा कार्यक्रम आणि काही रकमेच्या चिप्स येतात. शुक्रवार ते रविवार दर चढा, मधल्या वारांना उतरता. जेटीबाहेर कुणी “स्वस्तात पास देतो” म्हणत जवळ आलं तर त्याला नमस्कार करून काउंटरवर जा.

या पॅकेजमधल्या जेवणाला नवखे लोक कॉम्प समजतात. कॉम्प म्हणजे तुमच्या खेळावर खूश होऊन कॅसिनोने स्वतःच्या खर्चाने दिलेली वस्तू: जेवण, खोली, विमानतळावरून गाडी, तिकीट, चिप्स, कधी हरलेल्या रकमेतला काही हिस्सा परत. पॅकेजचं जेवण तुम्ही विकत घेतलेलं आहे, तेव्हा ते पोटभर खा, पण त्याच्यासाठी कुणाचे उपकार मानू नका.

पॅकेजमधल्या चिप्सकडे मात्र नीट बघा. त्यांना ओटीपी म्हणतात, म्हणजे एकदाच खेळायच्या. खिडकीवर त्यांची रोकड होत नाही. डावावर लावायच्या; जिंकलात तर जिंकलेली रक्कम रोखीच्या चिप्समध्ये मिळते आणि ओटीपी चिप डीलर, म्हणजे टेबलावर डाव चालवणारा कर्मचारी, काढून घेतो, हरलात तर तीही गेली. एकच शून्य असलेल्या, म्हणजे 0 ते 36 असे 37 आकडे असलेल्या रूलेवर 1,000 ची ओटीपी चिप लाल-काळ्यावर लावली तर 37 पैकी 18 वेळा 1,000 मिळतात, म्हणजे सरासरीने तिची किंमत 486 रुपये. तीच चिप 12 आकड्यांच्या गटावर लावली तर किंमत 649 आणि एका आकड्यावर लावली तर 946, कारण तिथे पैसे 35 पट मिळतात. अर्थात एका आकड्यावर लावली तर 37 पैकी 36 वेळा हात हलवत परत यायचं, त्यामुळे मी मधला मार्ग म्हणून 12 आकड्यांचा गट सुचवतो. काही ठिकाणी या चिप्स फक्त सम-पैशांच्या, म्हणजे लाल-काळ्यासारख्या रुपयाला रुपया देणाऱ्या डावावरच चालतात. काही ठिकाणी जिंकल्यावर चिप परत देतात आणि ती हरेपर्यंत चालते, मग वरचा हिशोब बदलतो. म्हणून बसायच्या आधी डीलरला दोनच प्रश्न विचारा: “ओटीपी कुठे कुठे चालते?” आणि “जिंकलो तर चिप घेणार का?”

कार्ड काढा आणि ते टेबलावर ठेवा

तुमचा खेळ नोंदवून त्यावर पॉइंट्स जमा करणारं सभासद कार्ड स्वागताच्या काउंटरवर मिळतं. ओळखपत्र, मोबाइल नंबर, फोटो, झालं. नवराबायको दोघं जात असाल तर दोघांचा खेळ एका खात्यात धरता येतो का ते तिथेच विचारा, कारण नंतर दोन खात्यांतले पॉइंट्स एकत्र करून देताना सगळे खांदे उडवतात.

टेबलाशी बसल्यावर चिप्स घेण्याआधी कार्ड द्यायचं. ‘द्यायचं’ म्हटलं तरी डीलरच्या हातात नाही. पैसे असोत वा कार्ड, समोरच्या हिरव्या कापडावर ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. वरच्या कॅमेऱ्याला सगळं दिसायला हवं म्हणून डीलर हातातून हातात काही घेत नाही. तो कार्ड बाजूला सरकवतो, मागे उभा असलेला सुपरवायझर येतो, नंबर टिपतो, किती पैशांच्या चिप्स घेतल्या ते टिपतो, कोणत्या खुर्चीत आणि किती वाजता बसलात ते टिपतो. मग पहिले काही डाव लांबून बघून तुमची सरासरी पैज लिहून ठेवतो. याला रेटिंग म्हणतात. पुढे पैज दुप्पट केली आणि त्याने पाहिलं नाही तर जुनाच आकडा चालू राहतो, तेव्हा बिनदिक्कत सांगा: “सर, पैज वाढवली आहे, बघून घ्या.” उठताना कार्ड मागून घ्या आणि रेटिंग बंद झालं का ते विचारा. आपल्याकडची माणसं इथे संकोचतात. त्यात संकोचण्यासारखं काही नाही, त्या माणसाला पगार त्याचाच मिळतो.

सुरुवातीला सुपरवायझर बघत असताना मोठी पैज लावायची आणि पाठ वळली की लहान, ही युक्ती जुनी आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसाने ती तुमच्याहून जास्त वेळा पाहिलेली असते.

यंत्रांवर हे काम आपोआप होतं. कार्ड खाचेत सरकवायचं आणि पडद्यावर नाव उमटतंय का ते पाहायचं. नाव दिसत नसेल तर तुम्ही बिनकार्डाचे खेळत आहात. रात्रभर खेळूनही पॉइंट शून्य.

हिशोब कसा होतो

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

“परवा वीस हजार हरलो, साधी खोली दिली नाही,” अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. कॅसिनो तुम्ही किती हरलात ते बघून कॉम्प देत नाही. दीर्घकाळ असंच खेळत राहिलात तर सरासरीने किती हरायला हवं होतं, ते बघून देतं. सूत्र असं: सरासरी पैज, गुणिले तासाला होणारे डाव, गुणिले बसलेले तास, गुणिले त्या खेळातला कॅसिनोचा टक्का, म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांतले सरासरीने कॅसिनोकडे राहतात तेवढे. जे उत्तर येतं त्याला इंग्रजीत थिओ म्हणतात, आपण ‘अपेक्षित हार’ म्हणू. त्यातला साधारण 20 ते 40 टक्के भाग जगभरचे कॅसिनो कॉम्पच्या रूपाने परत करतात. नशिबाने जिंकून उठलात तरी तेवढाच, सडकून हरलात तरी तेवढाच.

आकडे घालून बघा. एक शून्याचं रूले, दर फेरीला 500 रुपये, तासाला 40 फेऱ्या, तीन तास. एकूण 60,000 रुपये फिरले. कॅसिनोचा टक्का 2.7, म्हणून अपेक्षित हार 1,620. त्यातले 30 टक्के परत धरले तर 486 रुपये. तीन तासांच्या बैठकीची कमाई इतकीच, आणि तीही रोख नव्हे. चाकावर दोन शून्यं असतील तर टक्का 5.26 होतो, अपेक्षित हार 3,156 आणि कॉम्प 947. कॉम्प जवळपास दुप्पट मिळाली म्हणून दोन शून्यांच्या चाकाशी जाऊन बसणारे मी पाहिले आहेत. 461 रुपये जास्त मिळवण्यासाठी 1,536 रुपये जास्त घालवायचे, हा कुठला व्यापार?

डाव किती वेगाने झाले हे मात्र कुणी मोजत बसत नाही, सरासरी वेगच धरला जातो. म्हणून गर्दीचं, गप्पांचं, संथ टेबल खेळणाऱ्याच्या फायद्याचं. घड्याळात तीन तास लिहिले जातात आणि प्रत्यक्षात डाव कमी होतात. रिकाम्या टेबलावर एकट्याने बसलात की याच्या नेमकं उलट.

कोणत्या खेळाला किती भाव

बॅकरा म्हणजे ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ या दोन बाजूंपैकी एकीवर पैज लावायचा पत्त्यांचा खेळ. त्यात बँकरवर कॅसिनोचा टक्का 1.06, प्लेअरवर 1.24. त्याच टेबलावरची ‘टाय’, म्हणजे बरोबरीवरची पैज, एकास आठ देते आणि टक्का 14 च्या वर असतो, तिच्याकडे बघूही नका. ब्लॅकजॅक, म्हणजे 21 च्या जवळ जायचा पत्त्यांचा खेळ, नियमाप्रमाणे अचूक खेळलात तर कॅसिनोचा टक्का 0.5 च्या आसपास उतरतो, पण रेटिंग करताना कॅसिनो सर्वसाधारण खेळाडूच्या चुका गृहीत धरतं. त्यामुळे जो नीट शिकून येतो त्याच्या खऱ्या हारेच्या मानाने कॉम्प जास्त पडते. नवख्याने एवढा एकच खेळ आधी घरी शिकावा असं माझं मत.

अंदर-बाहर आपल्या लोकांना शिकवायला नको. जोकर उघडल्यावर ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती बाजू सुमारे 51.5 टक्के वेळा जिंकते, म्हणून तिथे रुपयाला 90 पैसे देतात आणि दुसऱ्या बाजूला रुपयाला रुपया. रुपयाला रुपया ऐकून लोक तिकडेच धावतात. पण हिशोबाने पहिल्या बाजूला कॅसिनोचा टक्का 2.15 पडतो, दुसरीला 3. प्रत्येक ठिकाणचे दर वेगळे असू शकतात, टेबलावर छापलेले असतात, ते वाचूनच बसा.

यंत्रांवर पॉइंट्स भराभर चढतात, आणि चढतात याचं कारणच तिथला टक्का जाडा असतो. अमेरिकेत सीझर्स या कॅसिनो कंपनीच्या सभासद योजनेत स्लॉट यंत्रात 5 डॉलर फिरवले की एक क्रेडिट, म्हणजे पॉइंट, आणि व्हिडिओ पोकरवर तेच क्रेडिट मिळवायला 10 डॉलर. ज्या खेळात कॅसिनोला कमी मिळतं तिथे तुम्हालाही कमी. पॉइंट्सचा दर बघूनच खेळाचा टक्का ओळखता येतो.

थोडं विषयांतर. पूर्वी कॉम्प म्हणजे पिट बॉसची, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची मर्जी होती, मोठ्या शेठजीला मान आणि बाकीच्यांना ठेंगा. 1982 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या सँड्स या कॅसिनोने यंत्रांवर खेळणाऱ्यांसाठी क्लब काढला. 1997 मध्ये हॅराज या कॅसिनो कंपनीने सगळ्या शाखांत चालणारं एकच कार्ड आणलं. दुसऱ्या वर्षी हार्वर्डचे प्राध्यापक गॅरी लव्हमन कंपनीत आले, आणि कार्डांवरची माहिती तपासल्यावर दिसलं की खरा नफा शेठजींकडून नव्हे, नियमित येऊन यंत्रापुढे बसणाऱ्या साध्या माणसांकडून येतो. तेव्हापासून छोट्या माणसालाही वाढदिवसाचा मेसेज येऊ लागला. शेठजींचं काय झालं म्हणाल, तर 2010-11 मध्ये डॉन जॉन्सन नावाच्या माणसाने अटलांटिक सिटीत ‘हरलो तर 20 टक्के परत’ असा करार आणि ब्लॅकजॅकचे सोयीचे नियम पदरात पाडून घेतले आणि तीन कॅसिनोंतून मिळून सुमारे दीड कोटी डॉलर नेले. सवलतीचा हिशोब कॅसिनोपेक्षा चांगला करणारा असा एखादाच. आपण त्याच्या वाटेला जायचं नाही, आपल्याला कुणी खऱ्या हारेतले 20 टक्के परत देत नाही.

मागायचं कसं

दोन-अडीच तास रेटिंगसह खेळ झाल्यावर, उठण्याच्या आधी, सुपरवायझरला विचारा: “माझ्या खेळावर आज काय मिळू शकतं?” लाज नको आणि तोराही नको. “मी एवढं हरलो, द्यायलाच पाहिजे” हे वाक्य सगळ्यात निरुपयोगी. नाही म्हणाला तर किती खेळ झाला की मिळेल ते विचारून घ्या, मात्र तेवढा खेळ पुरा करायला परत बसू नका.

नियमित जाणाऱ्याला होस्ट नेमून देतात. होस्ट गोड बोलतो, नाव लक्षात ठेवतो, घरच्यांची विचारपूस करतो, आणि वीकेंड आला की व्हॉट्सअॅपवर खोलीची ऑफर पाठवतो. माणूस चांगला असू शकतो, पण त्याचं काम तुम्हाला पुन्हा जहाजावर आणणं हे आहे. त्याच्याशी बोलताना बजेट कधीही सांगू नका. विमानाचं तिकीट, तीन रात्री हॉटेल आणि त्या बदल्यात अमुक लाखांच्या चिप्स आधी घ्यायच्या, तमुक तास खेळायचं, असे करार येतात. सही करण्याआधी अटी लेखी मागा. तास पुरे झाले नाहीत तर खोलीचं भाडं तुमच्याकडून वसूल होणार का, हा प्रश्न त्यातला महत्त्वाचा. उधारीवर चिप्स कुणी देऊ केल्या तर उठून जेवायला जा.

दारूबद्दल एक. हातात येणारा ग्लास ही कॅसिनोंची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त कॉम्प आहे. तिसऱ्या ग्लासानंतर पैज वाढते हे त्यांना माहीत असतं.

करांनी फिरवलेला हिशोब

परदेशातले मार्गदर्शक वाचून इथे येणारे या जागी फसतात. कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. कर कॅसिनो स्वतः सोसतं, की पॅकेजमध्ये धरतं, की तुमच्याकडून वेगळा घेतं, ते खिडकीवर विचारा: “मी दहा हजार दिले तर हातात किती चिप्स?” समजा 10,000 च्या चिप्सवर कर पूर्ण तुमच्यावर पडला, तर 4,000 रुपये तिथेच गेले. आता वरचं रूले आठवा: अपेक्षित हार 1,620, कॉम्प 486. कराच्या पुढे ती 486 ची कॉम्प म्हणजे दर्यात खसखस.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. जिंकलेल्या चिप्स पुन्हा डावावर लावल्या तर त्यावर हा कर पुन्हा बसत नाही, नवीन पैसे देऊन चिप्स घेतल्या तर बसतो. मध्येच सगळ्या चिप्स मोडून जेवायला जाणं आणि परत येऊन नव्याने घेणं टाळा. टेबल बदललं तरी त्याच चिप्स न्या.

जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट 30 टक्के, वर उपकर. काल हरलेले वजा करू देत नाहीत, पेट्रोल-टोल तर नाहीच.

मोबाइलवर ‘साइन-अप बोनस’ देणारे पैशांचे खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. आता जे अशा बोनसच्या जाहिराती पाठवतात त्यांच्याकडे पैसे गेले की परत मागायला दार नाही.

घरी आल्यावर

पॉइंट्सना मुदत असते. किती महिने खेळ झाला नाही तर ते बाद होतात, कॅसिनोबाहेरच्या हॉटेलात चालतात का, हे कार्ड काढतानाच विचारा. मुदत संपतेय म्हणून मुद्दाम एक फेरी मारायची इच्छा झाली तर जाण्यायेण्याचा खर्च, प्रवेशशुल्क आणि पॉइंट्सची किंमत एका कागदावर मांडा.

मेसेज नको असतील तर होस्टला ब्लॉक करून भागत नाही, दुसऱ्या नंबरवरून येतात. काउंटरवर जाऊन यादीतून नंबर काढायला लेखी सांगा, आणि स्वतःलाच आत घेऊ नका असं लिहून द्यायची सोय आहे का तेही विचारा. खेळ आवरत नाहीये असं वाटत असेल, घरात लपवालपवी सुरू झाली असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. मोफत आहे आणि मराठीतही बोलतात.

खोलीबद्दल राहिलं. आपल्यासाठी मिळण्यासारखी आणि उपयोगी कॉम्प तीच, कारण प्यायल्यावर रात्री गाडी चालवत महामार्गाने बांद्याला परतणं हा विचारच नको. आणि गाडी नसेल तर करमळी किंवा थिवीहून सकाळची रेल्वे धरायला रात्र कुठेतरी काढावीच लागते. जून ते ऑगस्टच्या पावसात, सोमवार ते गुरुवार गोव्यातली हॉटेलं रिकामी असतात, तेव्हा कॅसिनोला खोली देणं जड जात नाही आणि बेताचा खेळ असला तरी होकार येतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच खोली मागितलीत तर होस्ट तुमचं नाव विसरतो.